रोमानियाच्या खेड्यांतल्या विरत चाललेल्या चालीरीती : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रोमानिया म्हटलं की आपल्याला ड्रॅक्युला आठवतो, जरा वयस्क वाचकांना हुकूमशहा चाउशेस्कू आणि जिम्नॅस्ट नादिया कोमानेची. तिथलं खेडं मात्र सहसा डोळ्यांपुढे येत नाही. युरोपातल्या ज्या मोजक्या देशांत शेतकरी समाजाचे विधी विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत रोजच्या जगण्यात टिकले, त्यांत रोमानियाचा नंबर बराच वर लागतो. आता ते झपाट्याने ओसरताहेत. त्याबद्दल पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

हे सगळं रोमानियात नेमकं कुठे चालतं?

सगळीकडे सगळं चालत नाही. उत्तरेला मारामुरेश आणि शेजारचा ओआश, ईशान्येला बुकोविना, पूर्वेला मोल्दोवा (याच नावाचा शेजारी देश वेगळा), कार्पेथियन डोंगरांच्या आत ट्रान्सिल्व्हेनिया, नैऋत्येला ओल्तेनिया असे प्रांत आहेत आणि प्रत्येकाची रीत वेगळी. ओल्तेनियातला कालुश हा नाचून आजार घालवण्याचा विधी मारामुरेशच्या म्हाताऱ्याला परका वाटेल. बहुसंख्य लोक ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती आहेत. ट्रान्सिल्व्हेनियात हंगेरियन आणि पूर्वी मोठ्या संख्येने असलेले जर्मनभाषक सॅक्सन आहेत. आणि रोमा समाज (ज्यांना पूर्वी 'जिप्सी' म्हणत) सगळीकडे आहे. लग्नातले वाजंत्री बहुतेक ठिकाणी रोमाच. 'रोमानियन लोकसंस्कृती' असं एकसंध बोलणाऱ्यांनी निदान हे शेवटचं विसरू नये.

चाली मोडताहेत त्या लोकांचा विश्वास उडाला म्हणून ना?

बहुतेकांना असंच वाटतं: शाळा आली, दवाखाना आला, मोबाइल आला आणि भुतंखेतं पळाली. मला हे पटत नाही. दृष्ट लागते असं मानणारे लोक बुखारेस्टच्या काचेच्या ऑफिसांतही भेटतात. विश्वास चिवट असतो. मोडतं ते मनुष्यबळ.

एका चालीला किती माणसं लागतात ते बघा. नाताळच्या आदल्या रात्री घरोघरी जाऊन 'कोलिंदे' गायला दहा-वीस अविवाहित पोरं लागतात, तीही कित्येक दिवस एकत्र बसून तालीम करणारी. थंडीत सूत कातत बसायची 'शेझतोआरे' नावाची बैठक भरायला घरभर पोरी आणि त्यांना बघायला येणारी पोरं लागतात. मेलेल्याला पहाटेचं गाणं म्हणायला ते गाणं येणाऱ्या चार-पाच बायका लागतात. १९९२च्या जनगणनेत रोमानियाची लोकसंख्या २ कोटी २८ लाख होती, २०२१मध्ये ती १ कोटी ९० लाखांवर आली. जन्मदर घटला हे खरंच, पण २००२मध्ये युरोपात व्हिसाशिवाय फिरता यायला लागलं, २००७मध्ये देश युरोपीय संघात गेला, आणि खेड्यांतली तरणी माणसं इटलीत बांधकामावर, स्पेनमध्ये फळं तोडायला, म्हाताऱ्यांची शुश्रूषा करायला निघून गेली. गावात आजी उरली. तिला सगळी गाणी येतात, पण तिच्या सुरात सूर मिसळायला कोणी नाही.

दुसरं कारण गाय. हे हसण्यावारी नेऊ नका. २३ एप्रिलला, म्हणजे संत जॉर्जच्या दिवशी, दाराच्या खांबांवर गवतासकट मातीची ढेकळं ठेवून त्यांत विलोची हिरवी फांदी खोचतात. चेटकिणी त्या रात्री गायींचं दूध 'चोरतात', त्यांना अटकाव म्हणून. ज्या गल्लीत एकही गाय उरली नाही तिथे ही फांदी कोण खोचेल? आणि कशासाठी?

ड्रॅक्युलाला तिथले खेडूत मानतात का?

नाही. ड्रॅक्युला ही १८९७ची आयरिश लेखकाची इंग्रजी कादंबरी. तिने ज्याचं नाव उचललं तो व्लाद त्सेपेश पंधराव्या शतकातला वालाकियाचा, म्हणजे आजच्या रोमानियाच्या दक्षिण भागाचा, राजा, रोमानियन आठवणीत तो क्रूर पण न्यायी शासक आहे, रक्तपिपासू पिशाच्च नाही. पर्यटकांना दाखवला जाणारा ब्रानचा किल्ला हा धंदा आहे, आणि चांगला चालतो.

मग खेड्यात मानतात ते पिशाच्च कुठलं?

'स्त्रिगोय'. मेलेला माणूस, जो मेल्यावरही घर सोडत नाही. तो काळा झगा घालून खिडकीतून येत नाही. तो घरच्यांच्याच मागे लागतो, त्यांची ताकद ओढून घेतो आणि एकामागून एक माणूस आजारी पडायला लागतं. कोण स्त्रिगोय होईल याचे ठोकताळे आहेत: डोक्यावर गर्भपिशवीचा पातळ पडदा घेऊन जन्मलेला, किंवा ज्याच्या प्रेताखालून वा वरून मांजर गेलं तो. म्हणून प्रेताला एकटं सोडत नाहीत आणि घरातलं मांजर कोंडून ठेवतात. घरातले आरसेही झाकतात.

२९ नोव्हेंबरची रात्र, संत आंद्रेईच्या आदल्या दिवसाची, सगळ्यांत धोक्याची. त्या रात्री दारं, खिडक्या, धुराडं आणि गोठ्याची चौकट लसणाने चोळायची. काही गावांत तरुण मुलंमुली एका घरात जमून रात्रभर लसूण 'राखायचे': मधे लसणाची रास, भोवती मेणबत्त्या, आणि पहाटेपर्यंत नाच. राखलेला लसूण मग वर्षभर औषधाला. लांडग्यांचाही हाच काळ मानतात. बायका कात्रीची पाती दोऱ्याने बांधून ठेवत, म्हणजे लांडग्याचं तोंड बांधलं जातं. आज लसूण चोळणारी घरं सापडतात, लसूण राखणारी बैठक सापडत नाही. कारण वर आलंच.

अलीकडे कोणी खरंच प्रेत उकरलं होतं का?

हो. २००४च्या सुरुवातीला ओल्तेनियातल्या दोल्झ जिल्ह्यात, मारोतिनु दे सुस या गावात. काही आठवड्यांपूर्वी पुरलेल्या माणसाचं थडगं त्याच्याच नातेवाइकांनी रात्री उघडलं, काळीज काढून जाळलं आणि राख पाण्यात कालवून आजारी नातेवाइकांना पाजली. त्यांच्या मते आजारी माणसं बरी झाली. मृताच्या घरच्याच एकीने तक्रार केली, खटला झाला, आरोपींना शिक्षाही झाली. जगभरच्या वर्तमानपत्रांनी 'व्हँपायरचं गाव' म्हणून तुटून पडून बातम्या केल्या. त्यांत एक बाजू सुटली: हे करणाऱ्यांना आपण गुन्हा करतोय असं वाटतच नव्हतं. आधीच्या पिढ्यांनी हेच, एवढंच गुपचूप केलेलं होतं. आणि तक्रार करणारीही त्याच घरातली होती, हेही सोडू नये. एकाच घरात दोन काळ नांदत होते.

मृत्यूचे विधी सगळ्यांत जास्त टिकलेत असं म्हणतात. का?

टिकलेत, हे खरं. त्याला चर्चची साथ आहे, आणि मुख्य म्हणजे हे विधी करायला तरुणांचा जथा लागत नाही. एक म्हातारी आणि एक चूल पुरते.

'कोलिवा' घ्या. कांडून कोंडा काढलेला गहू तासन्‌तास शिजवतात, साखर, अक्रोड, लिंबाची किंवा संत्र्याची साल घालतात, आणि थंड झाल्यावर परातीत थापतात. आपली गव्हाची खीर आटवून वडीसारखी घट्ट केली तर तिच्या जवळपास जाईल. वरून पिठीसाखर, तिच्यावर कोकोने किंवा रंगीत गोळ्यांनी क्रूस काढायचा, मधे मेणबत्ती. पाद्री मंत्र म्हणतो तेव्हा जमलेले लोक परात उचलून हलके हलके झुलवतात. मग चमच्याने सगळ्यांना वाटतात. तिसरा, नववा, चाळिसावा दिवस, मग महिने, मग वर्षं, सात वर्षांपर्यंत हे चालतं.

त्यातूनच 'पोमाना' येते: मेलेल्याच्या नावाने जिवंत माणसाला जेवू घालायचं, कपडे द्यायचे, भांडी द्यायची. पेंटेकॉस्टच्या, म्हणजे ईस्टरनंतर सात आठवड्यांनी येणाऱ्या सणाच्या, आदल्या शनिवारी शेजाऱ्यांना मातीची भांडी भरून देतात, कधी कानाला फुलं बांधून, वर पेटलेली मेणबत्ती. पलीकडे त्याला ते पोचतं. देणाऱ्याचा हिशेब अगदी रोकडा असतो: त्याला कोबीचे रोल आवडायचे, मग तेच द्या. पोमाना म्हणून बाजेसकट अंथरूण-पांघरूण दिल्याचीही उदाहरणं आहेत.

जे गेलं ते गाणं. गोर्झ जिल्ह्यात आणि आसपास 'झोरिले' म्हणजे पहाटेचं गाणं म्हणत. घरच्या नसलेल्या बायका भल्या पहाटे पूर्वेकडे तोंड करून उभ्या राहतात आणि पहाटेलाच विनवतात, की एवढ्यात उगवू नका, या प्रवाशाची शिदोरी अजून बांधून व्हायची आहे. रडायचं नाही, सूर हलू द्यायचा नाही. संगीतशास्त्रज्ञ कॉन्स्टान्टिन ब्रईलोयू यांनी दोन महायुद्धांच्या मधल्या काळात अशी गाणी मेणाच्या सिलिंडरांवर उतरवली. १९२८मध्ये त्यांनी बुखारेस्टला लोकसंगीताचा संग्रह उभा केला म्हणून आज आपल्याला ती ऐकता तरी येतात.

आणि व्रान्चाच्या डोंगरातलं नेरेझू. तिथे प्रेत घरात असताना अंगणात शेकोटी पेटवून मुखवटे घातलेले पुरुष नाचत, थट्टामस्करी करत. प्रेताच्या शेजारी अचकट विचकट विनोद! १९२७मध्ये समाजशास्त्रज्ञ दिमित्रिये गुस्ती यांची पथकं या गावात अभ्यासाला गेली तेव्हा तो साधा रिवाज होता. आज ते मुखवटे बघायचे तर बहुधा महोत्सवात.

'मेलेल्याचं लग्न' हा काय प्रकार आहे?

लग्नाआधी तरुण मुलगा किंवा मुलगी गेली, तर अंत्यविधीलाच लग्नाचा साज चढवायचा. मुलीला वधूवेश, मुलाच्या छातीला नवरदेवाचं फूल, करवल्या, कधी बोटात अंगठी, कधी पुढे लग्नाचं सजवलेलं देवदाराचं झाड. लग्न राहिलेला जीव अडकून पडतो, परत येतो, ही भीती तर त्यात आहेच. पण एका आईला एवढं करून पोरीला निरोप देता येतो, हेही आहे. भीतीचं स्पष्टीकरण देऊन मोकळं होणाऱ्या अभ्यासकांपेक्षा गावातल्या बायकांना याची समज अधिक होती असं मला वाटतं.

रोमानियाच्या प्रत्येक शाळकरी मुलाला पाठ असलेलं 'मिओरित्सा' हे लोककाव्य याच विधीभोवती फिरतं. मेंढपाळाला कळतं की सोबती आपल्याला मारणार आहेत. तो पळत नाही, आपल्या मेंढीला सांगतो की माझं लग्न झालं असं सांग. वासिले आलेक्सान्द्री यांनी ते १८५०मध्ये छापलं. काव्य पाठ्यपुस्तकात गेलं. विधी मात्र फोटो काढून वृत्तवाहिन्यांवर दाखवण्याइतका दुर्मीळ झाला.

ते रंगीत, हसरं स्मशान खरं आहे का?

खरं आहे. मारामुरेशमध्ये युक्रेनच्या सीमेजवळ सपंत्सा नावाचं गाव आहे, तिथे. पण ही पुरातन प्रथा नव्हे. स्तान इओआन पत्राश (१९०८–१९७७) या गावच्या सुताराने १९३५च्या सुमारास ओकच्या लाकडाचे क्रूस कोरायला सुरुवात केली: निळा रंग, मृताचं चित्र, खाली गावरान बोलीत त्याच्याच तोंडचा पद्यमजकूर. दारूड्याला दारूडा म्हटलंय, बाहेरख्यालीला बाहेरख्याली. आज असे आठशेच्या वर क्रूस आहेत आणि आत जायला तिकीट आहे. म्हणजे इथे एक नवी चाल जन्माला आली, रुजली आणि एका माणसाच्या आयुष्यात 'परंपरा' झाली. परंपरा म्हणजे नेहमी जुनीच असते असं नाही.

कम्युनिस्ट राजवटीने चाली बंद पाडल्या का?

थोड्या बंद पाडल्या, बऱ्याच रंगमंचावर नेल्या. १९४९ ते १९६२ या काळात शेती सामूहिक झाली. स्वतःचं शेत, बैल, कुंपण यांच्याभोवती असलेले विधी तिथेच लुळे पडले. नाताळ ही सुट्टी उरली नाही. भेटवस्तू आणणारा 'मोश क्रचून' बदलून 'मोश जेरिला', म्हणजे थंडीबाबा, आणला गेला. (चाउशेस्कूला गोळ्या घातल्या त्या १९८९च्या २५ डिसेंबरलाच. हा योग तिथे कोणी विसरलेलं नाही.)

१९७६पासून 'रोमानियाचा गौरवगान' नावाचा देशव्यापी महोत्सव सुरू झाला. गावागावांतून नाचाची पथकं, एकसारखे पोशाख, मोजून बसवलेल्या हालचाली, मधेमधे नेत्याची स्तुती. नाच जिवंत राहिला, पण त्यातला विधी काढून घेतला. लोकांना मान मिळाला, हेही नाकारता येत नाही. त्या पथकांत नाचलेली माणसं आजही त्याबद्दल जिव्हाळ्याने बोलतात. १९८८मध्ये तर साधारण १३,००० खेड्यांपैकी निम्म्याच्या आसपास खेडी पुसून टाकण्याची योजना जाहीर झाली. दोन वर्षांच्या आत राजवटच पडली, नाहीतर पुढचे प्रश्न विचारायची वेळच आली नसती.

कालुश म्हणजे काय? त्यात एवढं विशेष काय?

माझ्या मते हा रोमानियातला सर्वांत थरारक विधी, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

ओल्तेनियात आणि दक्षिणेच्या मैदानात, पेंटेकॉस्टच्या सुमारास, विषम संख्येने पुरुष एकत्र येतात. एका उंच काठीच्या टोकाला पांढरा टॉवेल, लसूण आणि नागदवण्याच्या जातीची कडू वनस्पती बांधतात. हे त्यांचं निशाण. त्याखाली शपथ घेतात: ठरलेले दिवस एकत्र राहायचं, म्होरक्याचं ऐकायचं, बाईपासून दूर राहायचं. मग घरोघर नाच. हातात काठ्या, पायांना घुंगरं, वरच्या वर उडी घेऊन टाच जमिनीवर आपटायची; फिडलवाला वेग वाढवत नेतो. सोबत एक मुका असतो, मुखवटा घातलेला, लाकडी तलवार मिरवणारा, सगळ्यांची टर उडवणारा. त्याने विधीभर एक शब्द बोलायचा नाही.

हे सगळं कोणासाठी? 'इयेले' किंवा 'रुसालिये' नावाच्या हवेतल्या स्त्रिया त्या दिवसांत फिरतात. वर्ज्य दिवशी ज्याने शेतात काम केलं, बाईने कपडे धुतले, त्याला त्या 'धरतात': अंग लुळं पडतं, शुद्ध हरपते. औषध एकच, कालुश. आजाऱ्याला घोंगडीवर निजवून भोवती नाचायचं, म्होरक्या काठीने नवं कोरं मडकं फोडतो, आणि मडकं फुटताच एक नाचणारा धाडकन कोसळतो. आजार त्याच्यावर गेला. रोगी उठून पळतो. आयांनी तान्ही मुलं अंगणात आडवी ठेवायची आणि नाचणाऱ्यांनी त्यांच्यावरून उड्या मारत जायचं, हे मात्र अजूनही पाहायला मिळतं.

युनेस्कोने २००५मध्ये कालुशची दखल घेतली आणि २००८मध्ये तो अमूर्त वारशाच्या यादीत आला. शाळांतून पथकं तयार झाली, त्यांत आता मुलीही नाचतात. पायाचं काम पूर्वीपेक्षा देखणं झालंय. शपथ, वर्ज्य आणि रोगी मात्र जवळजवळ गेले.

म्हणजे युनेस्कोच्या यादीचा उपयोग नाही?

असं सरसकट नाही म्हणता येत. दोइना हे संथ गाणं (२००९), होरेझूची मातीची भांडी (२०१२), पुरुषांचं कोलिंदे गायन (२०१३), खांद्यावर भरतकाम असलेला ब्लाउज (२०२२) यांना यादीने प्रतिष्ठा दिली, आणि होरेझूच्या कुंभारांना गिऱ्हाईक. जे हातात धरता येतं, विकता येतं, त्याला यादी तारते. जे शेजाऱ्याच्या मरणाला धावून जाण्यावर उभं आहे, त्याला ती काय करणार?

पाऊस पडावा म्हणून पालापाचोळा नेसून फिरणाऱ्या मुली तिथेही असतात म्हणे! आपल्याशी काही नातं?

'पापारुडा'. दुष्काळ पडला की मुली, बहुधा रोमा मुली, हिरव्या पानाफांद्यांनी झाकून घरोघर नाचत, घरधनीण त्यांच्यावर बादलीभर पाणी ओतत असे. आपल्या 'धोंडी धोंडी पाणी दे' म्हणत कडुलिंब नेसून फिरणाऱ्या पोराची आठवण होणारच. तसंच बाळाच्या जन्मानंतर तिसऱ्या रात्री तीन 'उर्सितोआरे' येऊन नशीब ठरवतात, म्हणून टेबलावर भाकरी, मीठ, नाणी मांडायची, हे ऐकलं की सटवाई आठवते. पण आठवण होणं वेगळं आणि नातं असणं वेगळं. पाऊस हवा असलेला शेतकरी कुठेही पाणीच ओतेल.

भारताशी खरा धागा आहे तो दुसरीकडे, आणि अगदी अनपेक्षित. ईस्टरच्या सुमारास उत्तरेकडच्या काही गावांत बायका लाल अंड्यांची टरफलं वाहत्या पाण्यात सोडतात. ती वाहत वाहत जगाच्या टोकाला, पाण्यापलीकडे राहणाऱ्या 'ब्लाझिनी' लोकांपर्यंत जातात. हे लोक सौम्य, निष्पाप, उपासतापास करणारे. त्यांना दिवस मोजता येत नाहीत, टरफलं पोचली की त्यांना कळतं ईस्टर झाला. त्यांचंच दुसरं नाव 'रोहमानी'. अभ्यासक सांगतात की हे दुसरंतिसरं कोणी नसून ब्राह्मण: सिकंदराला भारतात भेटलेले विरक्त ज्ञानी. सिकंदराची अद्भुत कथा ग्रीकमधून स्लाव्हमार्गे रोमानियात आली, शतकानुशतकं गावोगाव वाचली गेली, आणि त्यातले भारतीय तपस्वी कार्पेथियनच्या शेतकरणीच्या ईस्टरमध्ये जाऊन बसले. त्यांच्यासाठी ती कोंबडीच्या अंड्याची टरफलं पाठवते, हा विनोद त्या तपस्व्यांना कितपत मानवला असता कोण जाणे.

त्या तीन नशीबदेवता आता कोणी मानतं का?

भाड्याने मिळतात! बाप्तिस्म्याच्या जेवणावळीत, हॉलमध्ये, पंख आणि चमचमते झगे घातलेल्या तीन कलाकार मुली येतात, बाळाला पद्यात आशीर्वाद देतात, फोटो होतात. बरेच शहरी आईबाप हे आवर्जून ठरवतात. पूर्वीच्या उर्सितोआरे काय ठरवतात ते सुइणीशिवाय कोणाला कळायचं नाही आणि त्या वाईटही ठरवायच्या. भाड्याच्या तिघी फक्त चांगलंच बोलतात.

दृष्ट?

ठणठणीत आहे. 'देओकी' म्हणतात. बाळाच्या मनगटाला लाल दोरा, कौतुक केल्यावर थुंकल्यासारखं करणं, पेटत्या काड्या किंवा निखारे पाण्यात टाकून ते बुडतात का बघणं. मंत्र म्हणणारीला जांभया आल्या तर दृष्ट जबर. हा मंत्र शिकवायचा नसतो, 'चोरायचा' असतो. मुलगी मिलानला असली तर आई फोनवरून उतरवते.

हिवाळ्यातली अस्वलं खरी असतात का?

कातडं खरं, आत माणूस. मोल्दोवातल्या कोमनेश्ती भागात नाताळ ते नववर्ष या दिवसांत डोक्यासकट अस्वलाचं कातडं पांघरून, ढोलावर नाचत फिरतात. ३० डिसेंबरला कोमनेश्तीत मोठा जमाव असतो. लाल गोंडे लावलेलं एकेक कातडं ४० किलोंपर्यंत भरतं. अस्वल पडतं, मरतं, पुन्हा उठतं. ही चाल मरायच्या ऐवजी फोफावली आहे, आणि त्यात परदेशातून सुट्टीला येणाऱ्यांचा वाटा मोठा. वर मी म्हटलं की स्थलांतराने चाली मोडल्या. इथे उलटं झालं. ओआशमध्येही तसंच. तिथले लोक फ्रान्समध्ये कमावतात, ऑगस्टमध्ये गावी येतात आणि सगळी लग्नं त्याच महिन्यात, पूर्वीपेक्षा जड पोशाखात आणि जास्त पाहुण्यांत लागतात. वर्षातून एकदाच भेटणाऱ्या माणसांना 'आम्ही इथले' हे ठासून सांगावं लागतं. जी चाल सुट्टीच्या दिवसांत मावते ती वाचते.

डुकराचा बळी अजून देतात का?

२० डिसेंबर, इग्नातचा दिवस. डुकराबद्दल मन हळवं होणाऱ्यांनी जवळ थांबायचं नाही, नाहीतर ते तडफडून मरतं असं मानतात. मारल्यावर गवताच्या काडाने केस जाळायचे, मीठ घालून क्रूस काढायचा, मग मदतीला आलेल्यांना ताज्या मांसाचं जेवण. युरोपीय नियमांप्रमाणे जनावराला आधी बेशुद्ध करायला हवं, यावरून बरेच वाद झाले. चालीवर खरा घाव घातला तो आफ्रिकन स्वाइन फिव्हरने: २०१८पासून परसातली डुकरं मोठ्या संख्येने मारावी लागली. परसात डुक्कर नाही, तर इग्नात नाही. पुन्हा तोच गायीचा हिशेब.

सॅक्सन लोकांच्या चालींचं काय झालं?

बाराव्या शतकात आलेले हे लोक १९९०च्या आसपास गावंच्या गावं रिकामी करून जर्मनीला गेले. त्यांच्याबरोबर चालीही गेल्या. एक अपवाद सांगण्याजोगा. सिबिऊ जिल्ह्यातल्या आग्निता गावी जानेवारीअखेर 'लोले' निघायचे: चिंध्यांच्या पट्ट्यांचे झगे, मुखवटे, कमरेला घंटा, हातात चाबूक. मूळची ही सॅक्सन कारागिरांच्या श्रेणींची मिरवणूक. ते गेल्यावर ती थांबली आणि या शतकात गावात उरलेल्यांनी, बहुतेक रोमानियन शेजाऱ्यांनी, ती पुन्हा उभी केली. आपली नसलेली चाल कोणी एवढ्या आस्थेने सांभाळल्याची उदाहरणं फार नाहीत.

मग शहरात काय उरलंय?

मार्च महिना. १ मार्चला लाल-पांढऱ्या दोऱ्याचा 'मार्त्सिशोर' प्रत्येक बाईच्या छातीवर दिसतो. महिनाअखेर तो फळझाडाला बांधतात. १ ते ९ मार्चमधला एक दिवस आपला म्हणून निवडायचा, त्या दिवशी जसं हवामान तसं तुमचं वर्ष, यावर ऑफिसांत चेष्टा चालते. ९ मार्चला इंग्रजी आठच्या आकाराच्या पिठाच्या 'मुचेनिच': मोल्दोवात भाजून मध-अक्रोड लावलेल्या, दक्षिणेत गोड पाण्यात उकडलेल्या. कुठल्या चांगल्या यावर भांडणं होतात. भाजलेल्या चांगल्या.

बघायला जायचं तर कधी, कुठे?

बुखारेस्टचं ग्रामसंग्रहालय (गुस्तींनी १९३६मध्ये उभं केलेलं) आणि सिबिऊचं आस्त्रा संग्रहालय बारा महिने आहेतच. पण तिथे घरं आहेत, माणसं नाहीत. माणसांसाठी डिसेंबरचा शेवटचा आठवडा मारामुरेश किंवा मोल्दोवात, ईस्टर बुकोविनात, पेंटेकॉस्ट ओल्तेनियात, ऑगस्ट ओआशमध्ये. ऑर्थोडॉक्स ईस्टर आपल्या कॅलेंडरवरच्या ईस्टरला पडेलच असं नाही, तिकीट काढण्याआधी तारीख बघा. पेंटेकॉस्ट ईस्टरचा दिवस धरून पन्नासाव्या दिवशी.

गावात गेल्यावर काय सांभाळावं?

कोणाच्या घरी फुलं न्यायची तर विषम संख्येने. सम संख्या मयताला. मयताच्या घरी विचारल्याशिवाय कॅमेरा काढू नका. भरलेली बादली घेऊन कोणी समोरून आलं तर शुभ, रिकामी असेल तर गावकरीणच वाट बदलेल. आणि स्मशानाजवळ एखाद्या म्हातारीने हातात पाव, कोलिवा किंवा मेणबत्तीसकट वाटी ठेवली, तर 'नको' म्हणू नका आणि साधं धन्यवादही म्हणू नका. 'बोगदाप्रोस्ते' म्हणायचं, म्हणजे देव त्यांना क्षमा करो. मग ती मेलेल्याचं नाव सांगेल, आणि वाटी परत मागणार नाही.